इंजिनाचे तीन फेरे, अल्टरनेटरचे सात: तासगावच्या एका ट्रॅक्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची ही गोष्ट. त्यांना इथं नुसतं आण्णा म्हणतो. गाव, ट्रॅक्टरची कंपनी, दुकानं यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. मी ऑटो इलेक्ट्रिशियन, आमच्याकडच्या भाषेत गाडीचा वायरमन. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप, जे येईल ते बघतो.

आण्णांची चार एकर बाग. ओळींतून चालणारा अरुंद, तीन सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर आणि त्यामागे औषध फवारायचा, ५०० लिटर टाकीचा ब्लोअर. ट्रॅक्टर चालवतो पुतण्या. बागेत काम असल्यामुळे या ट्रॅक्टरचा आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे फिरतंय ते दाखवणारा काटा, शोभेचा नाही. ब्लोअर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालतो आणि पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरला पाहिजे. या ट्रॅक्टरवर इंजिन २००० ला असलं की पीटीओ ५४० होतो, आणि मीटरवर त्या जागी तसं छापलेलंही आहे. पुतण्या हँड थ्रॉटल ओढतो, काटा त्या खुणेवर आणतो आणि ओळीत शिरतो. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

श्रावणात ट्रॅक्टरचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनामो, जळला. आण्णांनी एका दुकानातून वाइंडिंग पुन्हा भरलेला दुसरा आणून बसवून घेतला. बॅटरी चार्ज व्हायला लागली, दिवा विझला, विषय संपला. पुढं महिना-दीड महिना ट्रॅक्टर रोटाव्हेटर आणि ट्रॉलीला होता. त्या कामात मीटरकडं कोण बघतंय? कानानंच चालतं सगळं.

तक्रार, खरं तर तक्रारी

ऑक्टोबर छाटणी झाली, पोंगे फुटले, फवारण्या सुरू झाल्या. तेव्हा एकेक गोष्ट बाहेर यायला लागली, पण प्रत्येक वेगळ्या माणसाकडं गेली. गोंधळाचं मूळ तिथंच आहे.

पहिली: टाकी पुरेना. ५०० लिटरमध्ये चाळीस ओळी व्हायच्या, आता चौतिसाव्या ओळीला टाकी कोरडी. ब्लोअरवाल्यानं सांगितलं, नोझलच्या चकत्या झिजल्या, भोकं मोठी झाली, पाणी जास्त जातंय. निदान चुकीचं म्हणवत नाही. झिजलेल्या चकत्यांचं लक्षण हेच असतं. चकत्या बदलल्या. तरीही चौतीसच.

दुसरी: काटा आयडलला, म्हणजे थ्रॉटल न ओढता, ९०० च्या वर उभा राहतो. पुतण्यानं स्वतःच आयडलचा स्क्रू फिरवून मीटरवर ८०० करून ठेवलं. मग ट्रॅक्टर उभ्या जागी थरथरायला लागला. 'इंजिनाचं फाउंडेशन रबर गेलं' हे त्यावरचं शेजारच्याचं निदान.

तिसरी जरा भीतीदायक होती. रिकाम्या ट्रॅक्टरचा थ्रॉटल पूर्ण ओढला की काटा ३००० ओलांडून लाल पट्टीच्या टोकाला टेकायचा. एका मेकॅनिकनं बघितलं आणि म्हणाला, "डिझेल पंपाचा गव्हर्नर सुटलाय. पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवा, न्हायतर इंजिन फुटंल."

चौथी तक्रार माझ्याकडं आली, फोनवर. "वायरमन, मीटर लई जास्त दाखवतोय. काय करू?" मी एका टेम्पोच्या वायरिंगमध्ये उताणा पडलो होतो. म्हणालो, "मीटर गेला असंल, बदलून टाका." आण्णांनी साडेतीन हजारांचा नवा मीटर आणून बसवला. काटा पुन्हा तिथंच.

हा साडेतीन हजारांचा खर्च माझ्या एका वाक्याचा. फोन ठेवण्याआधी एकच विचारायला हवं होतं: आण्णा, गेल्या दोन-तीन महिन्यांत ट्रॅक्टरचं काय काय बदललं?

डिझेलवर मीटर नेमकं काय मोजतो

थोडं खोलात जातो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

पेट्रोल गाडीत ठिणगी पडते. इग्निशन कॉइलमधून दर ठिणगीला एक ठोका मिळतो आणि मीटर ते ठोके मोजतो. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. मग ठोका आणायचा कुठून? नव्या कॉमन रेलच्या गाड्यांत क्रँक सेन्सर ईसीएमला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, सांगतो आणि ईसीएम मीटरला. काही इंजिनांत फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर चुंबकी सेन्सर असतो. जुन्या साध्या डिझेल गाड्यांत आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत मात्र ठोका येतो अल्टरनेटरकडून. त्याच्या मागं बॅटरीकडं जाणाऱ्या बी प्लसच्या जाड वायरीशिवाय 'डब्ल्यू' लिहिलेलं एक टर्मिनल असतं. आत तयार होणारा करंट डायोडमधून जायच्या आधी उलटसुलट, म्हणजे एसी असतो. त्याच्या एका फेजला जोडलेली वायर म्हणजे डब्ल्यू. अल्टरनेटर जितका जोरात फिरेल तितके जास्त ठोके.

म्हणजे मीटर इंजिन मोजतच नाही, अल्टरनेटर मोजतो. इंजिनाचा आकडा तो हिशेबानं सांगतो, आणि त्या हिशेबात दोन गोष्टी पक्क्या धरलेल्या असतात: अल्टरनेटरमध्ये चुंबकाच्या पोलच्या जोड्या किती, आणि इंजिनाच्या एका फेऱ्यात अल्टरनेटर किती फिरतो. या ट्रॅक्टरचा मूळ अल्टरनेटर १२ पोलचा, म्हणजे ६ जोड्या, आणि तो इंजिनाच्या दुप्पट फिरायचा. एका फेऱ्याला १२ ठोके. इंजिन २००० ला असताना सेकंदाला ४००. मीटर एवढंच शिकून आलेला आहे. आण्णांनी आणलेला नवा मीटरही तेच शिकून आला होता.

शेडमधली रात्र

नवा मीटरही तेच दाखवतो म्हटल्यावर मी संध्याकाळी बागेवर गेलो. सकाळी सहाला फवारणी ठरलेली. आदल्या रात्री पाऊस शिंपडून गेला होता आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीनं आण्णांना झोप नव्हती.

सुरुवातीला मी तासभर वाया घालवला. आदल्याच आठवड्यात एका जीपचा मीटर अर्थिंग सैल असल्यामुळं वेडावाकडा चालत होता. डोक्यात तेच बसलेलं. त्यामुळे इथंही आधी अर्थच्या वायरी घासल्या, कपलर उघडून बघितले, डब्ल्यूची वायर शेवटपर्यंत तपासली. सगळं ठीक. खरं तर अर्थचा दोष असता तर डिझेल आणि तापमानाचे काटेही सोबत हलले असते. ते जागच्या जागी होते. समोर दिसत असून मी ते वाचलं नाही.

मग ठरवलं, आधी खरा आकडा काढायचा. इंजिन खरोखर किती फिरतंय हे कळल्याशिवाय मीटरला दोष देण्यात अर्थ नव्हता. फेरे मोजायचा माझा फोटो टॅकोमीटर दुकानात राहिलेला. पण शेडमध्ये जुन्या चोकवाली ट्यूबलाइट होती.

ही युक्ती मला माझ्या उस्तादांनी शिकवली. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, पण फिरत्या वस्तूवर दिसतं. इंजिन बंद करून क्रँक पुलीवर खडूची एकच रेघ मारायची, बाकीचे दिवे घालवायचे आणि इंजिन चालू करून लांबून बघायचं. १२०० ला एका रेघेच्या पाच रेघा पुलीवर स्थिर उभ्या दिसतात, १५०० ला चार आणि २००० ला तीन. आकडा थोडा वरखाली असला तर रेघा सावकाश सरपटायला लागतात. एलईडी पट्टीखाली हे बहुधा दिसत नाही, तिथं चोकच नसतो.

पुतण्याला सीटवर बसवलं. काटा २००० वर आणायला सांगितला. पुलीवर तीन रेघा उभ्या राहायला हव्यात, दिसली ती फिकट रेघांची गर्दी. "वाढव हळूहळू." रेघा विरळ होत गेल्या, सरपटल्या आणि तीन रेघा अशा थांबल्या की जणू कुणी पुलीवर रंगवून ठेवल्यात.

"थांब. काटा कुठाय?"

"तेवीसशेच्या जरा वर."

चार रेघांवर काटा साडेसतराशेला. पाच रेघांवर चौदाशेला.

इथं माझा अंदाज पहिल्यांदा ठाम झाला. तीनही ठिकाणी चूक एकाच प्रमाणात होती: मीटर खऱ्या आकड्याच्या सातषष्ठांश (७/६) दाखवत होता. १२०० ला २०० जास्त, १५०० ला २५०, २००० ला सुमारे ३३०. काटा चुकीच्या जागी दाबून बसवलेला असता तर सगळीकडं सारखाच फरक पडला असता. बेल्ट घसरत असता तर मीटरनं कमी दाखवलं असतं, जास्त नाही, आणि हेडलाइट लावल्यावर आणखी कमी. वायर सैल असती तर काटा उड्या मारत राहिला असता. प्रमाणात चुकतंय म्हणजे मोजण्याचा हिशेबच बदललाय: पुली तरी, नाहीतर पोल तरी.

मग विचारलं, "आण्णा, अल्टरनेटर बदललाय का?"

"बदललाय की, श्रावणात. पण चार्जिंग येकदम बेस हाय. त्याचा काय संबंध?"

संबंध होता. बॅटरीची वायर सोडवून कॅलिपरनं पुली मोजायला लागलो आणि थांबलो. बेल्ट पुलीच्या काठावर चालत नाही, खाचेत आत बसतो. बाहेरचा व्यास घेतला तर गुणोत्तर थोडं चुकतं. त्यापेक्षा सोपं काम केलं. इंजिन चुकून चालू होऊ नये म्हणून स्टॉपची वायर ओढून बांधली, अल्टरनेटरच्या पुलीवरही खडूची रेघ मारली आणि क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. पुतण्या अल्टरनेटरचे फेरे मोजत होता. इंजिनाचे तीन फेरे पूर्ण झाले तेव्हा तो म्हणाला, "सात."

सहा यायला हवे होते. सात भागिले सहा, म्हणजे मीटरची पूर्ण चूक तेवढ्यातच आली. पोल वेगळे असते तर हिशेब एवढा चोख जुळलाच नसता, त्यामुळे तो मुद्दाही तिथंच निकालात निघाला.

खात्रीसाठी आण्णांनी पोत्यात ठेवलेला जळका अल्टरनेटर काढला. दोन्ही पुल्या शेजारी धरल्या तर नवी पुली साफ लहान दिसत होती. आणि एक खूण पहिल्यापासून नजरेसमोर होती: बेल्ट ताणायच्या पट्टीत बोल्ट खाचेच्या अगदी टोकाला गेलेला. लहान पुलीला जुना बेल्ट लांब पडला, म्हणून बसवणाऱ्यानं अल्टरनेटर शेवटपर्यंत ओढून घेतला होता.

बागेत काय होत होतं

आता चारही तक्रारी एका दोऱ्यात आल्या. मीटर २००० दाखवायचा तेव्हा इंजिन होतं १७१४ च्या आसपास. पीटीओ ५४० ऐवजी ४६३. ट्रॅक्टर त्याच गिअरमध्ये त्याच प्रमाणात हळू चालायचा, पण ब्लोअरच्या पंपावर प्रेशर रेग्युलेटर असल्यानं नोझलमधून पाणी तेवढंच पडायचं. वेळ जास्त, पाणी तेवढंच, म्हणून टाकी चौतिसाव्या ओळीला संपायची. चाळीस भागिले सातषष्ठांश केलं की चौतीसच येतात. नव्या चकत्यांनी काही फरक पडणार नव्हता.

हवेचं नुकसान वेगळं. पंखा १४ टक्के हळू फिरला की हवाही साधारण तेवढीच कमी होते, पण पंख्याची ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ती एक तृतीयांशाहून जास्त घटली होती. डाऊनी पानाच्या खालच्या अंगाला असते. हवेनं पान उलटलं तरच औषध तिथं पोचतं. समोरच्या पानांवरून औषध ठिबकत होतं आणि आतली पानं कोरडी राहत होती. ट्रॅक्टर हळू चालल्यामुळं हवेला थोडा जास्त वेळ मिळत होता, त्यामुळे फवारणी अगदीच वाया गेली असंही म्हणता येणार नाही. आणि त्या वर्षीच्या रोगाचं सगळं खापर पुलीवर फोडणं मला पटत नाही, पाऊसही होता.

डिझेल पंपाचा गव्हर्नर ठणठणीत होता. हे इंजिन रिकामं जास्तीत जास्त २६०० ला जातं. त्याच्या सातषष्ठांश ३०३३, म्हणून काटा लाल टोकाला. डिझेल इंजिनाला गव्हर्नर एका मर्यादेच्या वर जाऊच देत नाही. मीटर त्या मर्यादेच्या बराच वर दाखवत असेल आणि इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच असेल, तर संशय आधी मीटरच्या वाटेवर घ्यावा. पंपाचं सील तोडायचं ते शेवटी. आण्णांनी पंप उतरवला असता तर ऐन फवारणीत ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला असता.

पर्याय

रात्रीचे साडेदहा. सकाळी सहाला ब्लोअर चालू व्हायला हवा.

मीटर नव्या गुणोत्तराला जुळवून घेणं हा पहिला विचार. काही मीटरांच्या मागं त्यासाठी स्क्रू किंवा बटणं असतात. या मीटरला तसलं काही नव्हतं, सीलबंद डबा.

जुनी पुली काढून नव्या अल्टरनेटरवर घालणं सरळ वाटलं, पण जुन्या पुलीचं भोक १७ मिलिमीटरचं आणि नव्याचा शाफ्ट १५ चा. मध्ये एक मिलिमीटर जाडीचा बुश घालावा लागला असता. एवढ्या पातळ बुशवर मला भरवसा नव्हता.

मूळ प्रकारचाच अल्टरनेटर घेणं सगळ्यात निर्धोक, पण महाग, आणि बसवलेला तसा चांगला चालत होता. चौथा पर्याय, योग्य मापाची नवी पुली लेथवर करून घेणं. ते दुसऱ्या दिवशीचं काम.

त्या रात्रीपुरतं काहीच न बदलता चालणार होतं. इंजिनाला दोष नाही, मीटरचा आकडा किती चुकतो ते माहीत झालंय. खूण सरकवली की भागतं. वहिनींकडून एक लाल टिकली आणली आणि मीटरच्या काचेवर २३३० च्या जागी चिकटवली. पुतण्याला सांगितलं, उद्या छापलेलं ५४० विसरायचं, काटा टिकलीवर आणायचा. सकाळी त्याच टाकीत चाळीस ओळी झाल्या, एकोणचाळीस आणि वर अर्धी, नेमकं सांगायचं तर.

दुरुस्ती

जुनी पुली नमुना म्हणून लेथवाल्याकडं दिली: खाच हुबेहूब अशीच, भोक फक्त १५ चं. पहिली पुली बसवली आणि चालू करताच बेल्ट किरकिरायला लागला. भोक मध्यावर नव्हतं, पुली डगमगत होती. परत दिली. दुसरी बरोबर झाली, बेल्टच्या पट्टीतला बोल्टही खाचेच्या मध्यावर आला. दोन्ही मिळून लेथवाल्यानं एकाच पुलीचे साडेआठशे घेतले.

हातानं मोजलं: तीन फेऱ्यांना सहा. दुकानातला फोटो टॅकोमीटर लावला: मीटर २००० आणि टॅकोमीटरवर १९९० ते २००५ मध्ये खेळणारा आकडा. पुतण्यानं खाली केलेला आयडल मोजला होता तेव्हा खरा ६९० निघाला होता, म्हणून ट्रॅक्टर थरथरत होता. तो खऱ्या ८०० वर आणला, थरथर गेली. फाउंडेशन रबर अजून तेच आहेत.

निकाल, आणि एक घोळ

टाकी पुन्हा चाळीस ओळींना पुरायला लागली. पुढच्या एका फवारणीला आण्णांनी पाणी पडलं की निळे होणारे पिवळे कागद पानांच्या खालच्या बाजूला टाचले होते. आतल्या पानांवरचे कागदही ठिपक्यांनी निळे झाले.

घोळ माझाच. पुली बदलली, मीटर बरोबर झाला आणि काचेवरची टिकली काढायची राहून गेली. पुतण्यानं सवयीनं पुढच्या फवारणीला काटा टिकलीवर आणला. आता २३३० म्हणजे खरेच २३३०, पीटीओ ६३० च्या घरात. ब्लोअरचा आवाज चढलेला ऐकून आण्णांनी बांधावरनं हात केला, तोवर दोन ओळी झाल्या होत्या. ब्लोअरचं काही बिघडलं नाही. फोन आला तेव्हा मी निमूटपणे ऐकून घेतलं.

वेगळं काय करता आलं असतं

अल्टरनेटर बसवणाऱ्यानं जुन्याची पुली नव्याशेजारी धरून बघितली असती तर हे प्रकरण घडलंच नसतं. दोन मिनिटांचं काम. पण त्याला दोष देताना हेही लक्षात घ्यावं लागेल की गिऱ्हाईक 'चार्जिंग करून द्या' म्हणत आलं होतं. मीटर अल्टरनेटरवर चालतो हे आण्णांना माहीत नव्हतं, आणि बसवणाऱ्याच्याही डोक्यात त्या वेळी आलं नसावं.

माझ्या बाजूनं दोन चुका. फोनवर मीटर बदलायला सांगितलं, आणि शेडमध्ये खरा आकडा काढायच्या आधी वायरी उघडल्या. तीन ठिकाणी खरा आकडा आणि मीटरचा आकडा शेजारी लिहिले असते, तर तो पहिला तास वाचला असता. चूक प्रमाणात आहे, ठरावीक आहे की उडती आहे, यावरूनच अर्धं निदान होतं.

चोकवाली ट्यूब नसेल तर आता मी गिऱ्हाइकालाच फोनचा स्लो मोशन व्हिडिओ मागतो. ब्लोअरचा शाफ्ट काढलेला, पीटीओच्या टोकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, माणूस लांब उभा. सेकंदाला २४० फ्रेमच्या व्हिडिओत ५४० ला एक फेरा साधारण २७ फ्रेममध्ये पूर्ण होतो. आण्णांच्या ट्रॅक्टरचा तसा व्हिडिओ पहिल्या फोनच्या वेळीच मागितला असता तर ३१ मोजले असते.

माझ्या दुकानात अल्टरनेटर बदलायला आलेल्या प्रत्येक डिझेल गाडीला आता जुन्या पुलीवर खडूनं आकडा घालून ठेवतो: इंजिनाचे तीन फेरे, अल्टरनेटरचे इतके. आण्णांची जळकी पुलीही फळीवर आहे, तिच्यावर सहा लिहिलेलं.